घोडा दिवाळीनंतर आणा, तोवर सईस शोधा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरीतल्या बदलीमुळे नाशिक सोडून खारघरला आलात. मागे राहिलाय मल्हार, नऊ वर्षांचा थरोब्रेड घोडा, रेसमधून सुटल्यापासून चार वर्षं तुमच्याकडे. बारा वर्षांची लेक सैन्यातल्या एका निवृत्त दफेदारांच्या हाताखाली घोडेस्वारीत तयार झालेली. इथं दोन जागा पाहिल्यात. एक घोडबंदर रोडच्या बाजूला: चाळीस घोडे, रात्री दिव्यांखाली चालणारं मैदान, नावाजलेला कोच. दुसरी पनवेलच्या पुढं एका गावालगत: चौदा घोडे, पत्र्याची शेड, दोन मोठी चिंचेची झाडं, आणि कोच फक्त शनिवार-रविवारी येणारा. गणपतीआधी मल्हारला आणायचंय, तर कुठं ठेवू?

माझं उत्तर: गणपतीआधी कुठंच नाही. दिवाळी होऊ द्या.

ठाण्यात बावीस वर्षं मी पागा सांभाळली. त्यातली निम्मी लीद उचलून घेण्यात आणि गवतवाल्याशी भांडण्यात गेली, त्यामुळे पुढचं सगळं त्याच बाजूनं लिहितोय. चांदीचे कप आणि रिबिनी पाहिलेला माणूस तुम्हाला कदाचित वेगळं सांगेल.

तुम्ही एका प्रश्नात दोन प्रश्न बांधलेत, आणि इथंच घोडं पेंड खातं. घोडा कुठं राहणार हा एक प्रश्न. लेक कुणाकडं शिकणार हा दुसरा. तबेलेवाले या दोन्हींची एकच मोट बांधून विकतात, कारण त्यांना ते सोयीचं. पण कोच गाडीत बसून घोड्याकडे येऊ शकतो, घोडा रोज गाडीत बसून कोचकडे जाऊ शकत नाही. म्हणून घोड्याची जागा घराजवळची हवी, कोच लांबचा असला तरी चालेल. लोक नेमकं उलटं करतात.

तुमच्या घरापासूनचा हिशेब मांडा. खारघरहून संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ठाणे-बेलापूर रस्ता, ऐरोली, कळवा, मग माजिवडा, कापूरबावडी, आणि त्यानंतर घोडबंदर. रविवारी सकाळी तुम्ही जो रस्ता पाहिलात तो खरा रस्ता नव्हे. तीच फेरी मंगळवारी संध्याकाळी सहाला निघून करून बघा. परत येताना लेक मागच्या सीटवर झोपलेली असेल आणि दुसऱ्या दिवशी तिची शाळा असेल. पहिला महिना आठवड्यातून चारदा जाल, तिसऱ्या महिन्यात दोनदा, सहाव्यात फक्त रविवारी. ज्या घोड्याचा मालक फक्त रविवारी येतो हे तबेल्यात सगळ्यांना ठाऊक असतं, त्या घोड्याचे बाकीचे सहा दिवस कसे जातात ते मी खाली सांगतो.

आता दिवाळीनंतरच का.

मल्हार चार वर्षं नाशिकच्या कोरड्या हवेत राहिलाय. इकडं ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पाऊस नसला तरी हवेत पाणी. घोडा माणसासारखाच घाम गाळून अंग थंड करतो, पण त्याचं यंत्र फार मोठं: जोराच्या कामात कडक उन्हाळ्यात तासाला दहा-पंधरा लिटर घाम जाऊ शकतो. हवा आधीच भिजलेली असली की तो घाम उडत नाही, नुसता ओघळतो. घोडेवाल्यांचा एक साधा हिशेब आहे. तापमान फॅरनहाइटमध्ये घ्या, त्यात आर्द्रतेचे टक्के मिळवा. बेरीज १३० च्या आत असेल तर खुशाल काम घ्या. १५० च्या वर गेली की घोड्याला अंग थंड करणं जड जातं. १८० च्या घरात गेली तर खोगीर खुंटीवरच राहू द्या. आता आपल्याकडचे आकडे घाला. मे महिन्यातले ३३ अंश सेल्सियस म्हणजे ९१ फॅरनहाइट, त्यात ७० टक्के आर्द्रता: १६१. जुलैतले २९ अंश म्हणजे ८४, त्यात ८८ टक्के: १७२. गंमत बघा, आपल्याला जुलै गार वाटतो, घोड्याला मे महिन्यापेक्षा तोच जड जातो.

अशा हवेत काही घोड्यांचा घाम हळूहळू बंदच होतो. आधी ठिगळाठिगळानं येतो, मग फक्त आयाळीखाली आणि खोगिराखाली, मग तेही नाही. काम संपून अर्धा तास झाला तरी नाकपुड्या फुललेल्याच, अंग कोरडं आणि तापलेलं. तोंडावरची लव विरळ होते. नवखा कोच म्हणतो घोडा आळशी झालाय आणि टाच मारायला सांगतो. कोरड्या प्रदेशातून आलेल्या घोड्यांवर म्हणूनच डोळा ठेवावा लागतो. नोव्हेंबरात आणलात तर थंडीचे तीन-चार महिने हाताशी मिळतात, मार्चपासून उकाडा वाढतो तसा तोही सरावतो. ऑगस्टात आणलात तर पावसातून थेट ऑक्टोबरच्या उन्हात पडेल.

तोवर तुम्ही काय करायचं? तबेले बघायचे. आणि ते आत्ताच, भर पावसात. डिसेंबरात सगळेच तबेले सुंदर दिसतात.

न सांगता जा. सकाळच्या चंदीच्या, म्हणजे धान्याच्या खुराकाच्या, वेळी एकदा, दुपारी तीनला एकदा, आणि जमलं तर रात्री नऊनंतर एकदा. दुपारी तीन ही माझी लाडकी वेळ. ना धडे चालू असतात, ना मालक असतो, तबेला आपल्या खऱ्या रूपात पसरलेला असतो. एखाद्या रिकाम्या थाणात, म्हणजे घोडा बांधायच्या कप्प्यात, शिरा आणि खाली उकिडव्या बसा. घोडा झोपतो तेव्हा त्याचं नाक जिथं असतं तिथं आपलं नाक न्या आणि दोन श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर बिछान्याखाली मूत मुरतंय, मग वर कितीही ताजा भुसा पसरलेला असो. उभ्यानं हा वास येत नाही, म्हणून उभ्यानं बघणाऱ्यांना तबेले आवडतात.

मग कुठल्याही घोड्याचा पाय उचलून दाखवा म्हणा. खुराच्या तळव्याला मधोमध एक मऊ त्रिकोणी भाग असतो. त्याच्या कडेच्या खाचा काळ्या पडून कुजका वास मारत असतील तर घोडे चिखलात उभे राहतात आणि रोज खूर साफ होत नाहीत. पावसाळ्यात एखाद्या घोड्याला हे होणं मी समजू शकतो. तीनपैकी तीन घोड्यांना असेल तर चहा न घेता निघा.

पाणी कुठून येतं, कुठं जातं हे नीट बघा. खाडीकाठच्या आणि उल्हास नदीच्या बाजूच्या जागा स्वस्त पडतात त्याला कारण असतं. २६ जुलै २००५ ला आणि २०१९ च्या जुलैत त्या पट्ट्यात काय झालं ते तिथल्या गावकऱ्याला विचारा, तबेलेवाल्याला नको. पाणी चढलं तर घोडे कुठं हलवता, या प्रश्नाला जागेचं नाव घेऊन उत्तर आलं पाहिजे. "आमच्याकडे पाणी येतच नाही" हे उत्तर नव्हे. आणखी एक: ओल्या धान्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप. खारघरच्या टेकड्या असोत की येऊरचं रान, नाग आणि घोणस दोन्ही आहेत. शिवाय उंदराच्या मुतातून लेप्टो. माणसांचा लेप्टो आपल्याला पेपरात वाचून माहीत असतो. घोड्यालाही तो होतो आणि पुढं डोळ्यावर जाऊ शकतो, वारंवार डोळा सुजून शेवटी दृष्टी जाते. धान्य पत्र्याच्या झाकणबंद पिंपात आहे का आणि तबेल्यात दोन धडधाकट मांजरं आहेत का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

आजूबाजूला म्हशींचे गोठे आहेत का तेही बघा, ठाणे-कल्याणकडे ते भरपूर आहेत. सर्रा नावाचा रोग चावऱ्या माश्यांवाटे पसरतो. म्हैस तो अंगात घेऊन निवांत रवंथ करत राहते, घोडा मात्र ताप येत-जात खंगत जातो, पायांना आणि पोटाखाली सूज येते. पावसानंतरचे महिने याचे. गोठा शेजारी असेल तर जागा बाद करा असं मी म्हणत नाही, पण लीद रोज किती लांब नेऊन टाकतात, माश्यांच्या जाळ्या आहेत का, ताप आला की रक्त तपासायला पाठवतात का, हे विचारा.

चंदीच्या खोलीत हात घाला. खरंच घाला. एका पावसाळ्यात माझ्याच पागेत तीन घोडे खोकायला लागले. डॉक्टर झाले, औषधं झाली. चौथ्या दिवशी मी कोंड्याचं पोतं वरून न घेता तळातून फाडलं. आत मूठभर कोंडा ढेकूळ होऊन बसला होता, मोडला तर धुरासारखी हिरवट भुकटी उडाली. पोतं जमिनीला टेकून ठेवलेलं, लाकडी फळी कुणीतरी दुसऱ्या कामाला नेलेली. चूक माझी, रोज वरून बघायचो. तेव्हापासून पोत्याचा तळ दाबल्याशिवाय मी कुठल्याच चंदीवर विश्वास ठेवत नाही. गवताची पेंढीही मधून फोडून हुंगा. घोड्याला ओकारी करता येत नाही हे लक्षात असू द्या. जे खराब पोटात गेलं ते पूर्ण आतड्यातूनच पुढं जाणार.

गवत किती हा प्रश्न चंदीपेक्षा मोठा. साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला किमान सात किलो, खरं तर आठ-नऊ किलो कोरडा चारा हवा, आणि तो दिवसभर थोडा-थोडा. शहराजवळ गवत महाग, म्हणून काही ठिकाणी चंदी भरपूर आणि गवत दोनच वेळा अशी रीत असते. मल्हारसारखा रेसचा घोडा त्यावर दिसतो तकतकीत, पण पोटदुखीला आणि आतड्याच्या जखमांना आमंत्रण. रात्री नऊला गेलात तर हेच बघायचं: घोड्यांपुढं गवत आहे की रिकाम्या गव्हाणी चाटताहेत.

मोकळं सोडायला जागा किती? आजीनं घातलेलं कोडं आठवतं ना? भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. चाळीस घोड्यांच्या तुमच्या पहिल्या जागेत मोकळी कुंपणं किती आहेत मोजा आणि प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला किती वेळ येतो ते भागाकार करून काढा. मैदानावरचे दिवे फोटोत छान येतात, घोड्याला त्यांचा उपयोग नाही.

आता सईस, म्हणजे घोड्याची रोजची देखभाल करणारा माणूस. जुन्या मराठीत मोतद्दार म्हणायचे, आज पागेत सगळे सईसच म्हणतात. ताई, तुम्ही चार पानांत कोचबद्दल अकरा प्रश्न विचारलेत आणि सईसाबद्दल एकही नाही. कोच मल्हारला दिवसाला पाऊण तास भेटेल. उरलेले सव्वातेवीस तास तो सईसाच्या हवाली. पोटदुखीचा पहिला इशारा, म्हणजे घोडा वळून आपल्याच कुशीकडे बघतोय, पुढच्या पायानं जमीन उकरतोय, सकाळची लीद नेहमीपेक्षा कमी, हे दिसणार सईसाला. त्यानं ते पाहून तासाभरात फोन केला तर बहुतेक वेळा घोडा वाचतो. "बघू सकाळी" म्हटलं तर सांगता येत नाही.

म्हणून विचारा: एका सईसाकडे घोडे किती? तीन-चारपर्यंत ठीक, सात-आठ असतील तर खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं, फक्त पाहुणे येणार त्या दिवशी होतो. सईस राहतो कुठं, थाणांच्या आवाजाच्या टप्प्यात की दोन किलोमीटरवरच्या चाळीत? इथं किती वर्षं आहे? दर चार महिन्यांनी सईस बदलणारी जागा मालकाबद्दल सगळं सांगून जाते. रजेवर गावी गेला की बदली कोण? बहुतेक सईस उत्तरेकडचे. छठ, होळी, लग्नसराईत एकदम चौघं गावी जातात, तेव्हा पागा कशी चालते हे विचारलंत की मालक तुमच्याकडे नीट बघायला लागेल.

आणि एक गोष्ट न विचारता बघा. सईस थाणात शिरतो तेव्हा घोडा काय करतो. कान पुढं करून तोंड आणतो, की कोपऱ्यात सरकून पाठ फिरवतो? घोड्याला खोटं बोलता येत नाही, त्यामुळे तबेल्याची एवढी खात्रीची साक्ष दुसरी नाही. दसऱ्यापर्यंत तुम्ही इथंच आहात, तर त्या दिवशी दोन्हीकडे जा. घोड्यांची पूजा असते, झेंडूच्या माळा असतात. कपाळाला हळदकुंकू लावायला हात वर गेला की कुठला घोडा मान खाली आणतो आणि कुठला मान झटकून मागे सरतो, ते लांब उभं राहून बघा. मागे सरणाऱ्याच्या तोंडावर कधीतरी हात उठलेला असतो.

रविवारच्या मालकाची गोष्ट सांगतो म्हटलं होतं. पागा सुरू करण्याआधी माझा स्वतःचा एक घोडा मी दुसऱ्यांच्या तबेल्यात ठेवला होता, नाव घेत नाही. घोडा बारीक होत चालला. चारा वाढवला, जंताची औषधं दिली. एकदा बुधवारी सुट्टी मिळाली म्हणून सकाळी सहालाच गेलो. सईस अजून उठलेला नव्हता. घोड्याच्या पाठीवर खोगिराच्या आकाराचा पांढरट ठसा होता, सुकलेल्या घामाचं मीठ, कडेची रेघ अगदी कंपासनं काढल्यासारखी. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, बांधतात तिथं कातडी सोललेली. आदल्या संध्याकाळी माझ्या घोड्यावर धडे झाले होते, किती पोरं बसली देव जाणे. विचारलं तर म्हणाले, "घोडा उभा राहून खराब होतो साहेब, आम्ही फिरवला." कोडं त्यांनाही पाठ होतं! वरातीला घोडे देणारेही तबेले आहेत, त्यांच्याकडे तर आणखी विचारून घ्या.

त्यामुळे कागद करा. मालकाशिवाय आणि मालकानं लिहून दिलेल्या माणसाशिवाय कुणीही घोड्यावर बसणार नाही. महिन्याच्या पैशात काय येतं, काय वेगळं: गवत, चंदी, बिछाना, नालबंद, डॉक्टर. नालबंद साधारण दर सहा ते आठ आठवड्यांनी, दात वर्षातून एकदा, धनुर्वाताची लस, हे कोण लक्षात ठेवणार. तुमचा फोन लागला नाही तर डॉक्टरांना किती खर्चापर्यंत आपणहून निर्णय घेता येईल, तो आकडा लिहाच. त्यातच, वेळ आलीच तर घोड्याला शांतपणे जाऊ देण्याचा निर्णय कुणाचा, तेही. लिहिताना हात थांबतो, पण रात्री दोनला फोनवर ठरवण्यापेक्षा बरं. जागेला महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आहे का तेही बघून घ्या. २०१५ साली उच्च न्यायालयानं मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला सांगितल्या तेव्हा त्या घोड्यांच्या विनापरवाना तबेल्यांचाही प्रश्न निघाला होता. जागाच बंद झाली तर घोडा घेऊन रस्त्यावर तुम्ही.

डॉक्टर कोण, किती मिनिटांत पोचतात, ते नसतील तर दुसरे कोण, ही तीन उत्तरं सईसालाही पाठ हवीत. रात्री फाटकाची किल्ली कुणाकडे आणि आतल्या रस्त्यानं ट्रक वळतो का तेही. येऊरसारख्या वनखात्याच्या हद्दीजवळ जागा असेल तर रात्री गाडी आत सोडतात का, आणि थाणांच्या वरच्या उघड्या भागाला जाळी आहे का. बिबट्या तिथं पाहुणा नसतो, आपणच असतो.

एवढं झाल्यावर कोच, आणि त्यात मी लेकीच्या बाजूनं बोलतो.

तिचे दफेदार काका सैन्यातले. त्या शाळेतली मुलं मी ओळखतो: मांड पक्की, टाच खाली, नजर समोर, आणि पडली तर रडायच्या आधी लगाम पकडणारी. हा पाया आजकाल विकत मिळत नाही. नवा कोच पहिल्याच दिवशी "हे सगळं विसर, नव्यानं सुरू करू" म्हणाला तर त्याला नमस्कार करा. त्याऐवजी दफेदारांना सांगा, नव्या कोचशी दहा मिनिटं फोनवर बोला. पोरगी कुठं घाबरते, डाव्या वळणावर खांदा टाकते का, मल्हार कशानं बिचकतो. जो कोच हा फोन आनंदानं घेतो तो निम्मा पास झाला. आणि लेकीला काकांचा आशीर्वाद घेऊनच नव्याकडे पाठवा. या वयात मुलांना वाटतं की दुसऱ्याकडून शिकणं म्हणजे पहिल्याशी गद्दारी. ती बोलणार नाही, फक्त शिकणार नाही.

कोच बघायचा तो तुमच्या लेकीला शिकवताना नव्हे, दुसऱ्याच्या मुलाला शिकवताना. नवशिक्यांचा एक पूर्ण तास बघा. बसण्याआधी तंग स्वतः तपासतो का? नाकपट्ट्याखाली नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज जातात का? एका वेळी मैदानात किती मुलं? दुडकीवर मूल उसळत असेल तर आणखी जोरात चालव म्हणतो, की लांब दोरीवर घेऊन रिकिबीशिवाय बसायला शिकवतो? कोणी पडलं तर आधी कुठं धावतो? चांगला माणूस एका हातानं बाकीच्यांना थांबवतो, मुलाला लगेच ओढून उभं करत नाही, मान-पाठ विचारतो, मग घोडा. डोकं आपटलं असेल तर त्या दिवशी परत बसवत नाही, कितीही "पडल्यावर लगेच बसावं" म्हणत असले तरी. ते हेल्मेटही तिथंच बाद, दिसायला धड असलं तरी. मोटारसायकलचं चालत नाही. आत एएसटीएम एफ११६३ किंवा पीएएस ०१५ असा घोडेस्वारीच्या हेल्मेटचा छाप बघा.

प्रमाणपत्रं विचारा, जरूर. पण माझ्या मते त्याहून जास्त कळतं ते स्पर्धेआधीच्या सरावाच्या मैदानात. महालक्ष्मीला अमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून आहे. तिथं स्पर्धा असेल तेव्हा लेकीला घेऊन जा आणि मुख्य मैदानाकडे पाठ करून सरावाच्या जागेपाशी उभ्या राहा. विद्यार्थ्यानं अडथळा पाडला की कोचचा आवाज कसा होतो, घोडा अडला की चाबूक किती लवकर निघतो, ते सगळं उघड्यावर चालतं.

स्वप्नं विकणाऱ्यांपासून जपा. २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत आपल्या संघानं ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या प्रकाराचं, सुवर्ण आणलं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी, आणि त्यात मुंबईचा हृदय छेडाही होता. अभिमान मलाही आहे. पण त्या स्वारांनी युरोपात राहून शिकण्यात वर्षं घातलीत. बारा वर्षांच्या मुलीला आठ महिन्यांत मीटरभर उंच उड्या, असं कोणी म्हणालं तर ती घाई तिच्या हाडांच्या जिवावर आणि मल्हारच्या पायांच्या जिवावर आहे. तसंच पहिल्या महिन्यातच "हा घोडा तिच्या लायक नाही, माझ्या ओळखीत एक आहे" असं ऐकू आलं, तर त्या विक्रीत त्याचं कमिशन किती हे हसत हसत विचारा. कधी कधी तो खरंही बोलत असतो, म्हणून दुसऱ्या एखाद्या जाणत्याला दाखवा. आणि बारा वर्षांची मुलगी आहे, तर कोचचे निरोप तुमच्या फोनवर, तिच्या नाही. धडा मैदानात, सगळ्यांसमोर. यावर जो तोंड वाकडं करेल त्याच्याकडे नकोच.

तुमच्या दोन जागांपैकी? कागदावर मला पनवेलकडची जास्त पटते. चौदा घोडे, झाडांची सावली, घरापासून जवळ. पण पत्र्याच्या शेडला उंची किती आणि वारा आरपार जातो का ते बघा. बुटक्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये भट्टी होते. वरची पावसाळी परीक्षा ती पास झाली तर मल्हार तिथं. तोवर दिवाळीपर्यंत लेकीला आठवड्यातून एकदा घोडबंदरच्या कोचकडे तिथल्या घोड्यांवर शिकू द्या. त्याची शिकवणूक पटली तर महिन्यातून दोनदा तो पनवेलला येईल का विचारा. येण्या-जाण्याचे पैसे द्या, तरी दिवे लावलेल्या मैदानापेक्षा स्वस्त पडेल.

आणायच्या आधी नाशिकलाच ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. हा माणसालाही होणारा रोग आहे. घोडा बाधित निघाला तर २००९ च्या कायद्यानं त्याला मारावं लागतं, म्हणून चांगला तबेला दाखल्याशिवाय घोडा आत घेत नाही. जो न विचारता घेतो, त्यानं शेजारच्या थाणातलाही तसाच घेतलेला असतो. वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखलाही लागतो. पहाटे तीनला निघा. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत खुला झालाय, त्यामुळे कसारा घाटातले हेलकावे टळतात. भिवंडीची कोंडी मात्र उजाडायच्या आत ओलांडायची. गाडीत मान उंच बांधू नका. घोड्याला मान खाली घालून नाक-घसा मोकळा करता आला नाही तर धूळ फुप्फुसात साठते आणि दोन-तीन दिवसांनी ताप चढतो. म्हणून पोचल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. ३७.५ ते ३८.५ सेल्सियस ठीक, वर गेला की डॉक्टर.

नाशिकचं गवत आणि चंदी दोन आठवडे पुरेल एवढी सोबत आणा आणि नवी त्यात थोडी-थोडी मिसळत जा. पहिले दहा दिवस फक्त हातानं चालवणं. रोजच्या चंदीत साधारण तीस ग्रॅम साधं मीठ, आणि बादलीभर पाणी किती वेळात संपतं याकडे लक्ष.

पहिल्या रात्री तिथं राहायची परवानगी काढा, खुर्ची टाकून बसा. सईसाला मल्हारच्या खोड्या सांगा: कुठं खाजवलं की ओठ लांबवतो, कुठल्या पायाला हात लावू देत नाही. जेवणाचा डबा त्याच्यासाठीही न्या. आणि निघताना तुमचा, तुमच्या यजमानांचा आणि डॉक्टरांचा नंबर थाणाच्या दारावर खडूनं नका लिहू. पावसात पुसतो. पत्र्याच्या पाटीवर ऑइलपेंटनं लिहून घ्या, आणि सईसाच्या मोबाइलमधून एकदा तुमच्यासमोरच फोन लावायला सांगा, रेंज येते का ते बघायला.